बरक्याहून परतताना अडखळणारी गाडी

निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून बरेच गुन्हे उघडकीस आले, काही आले नाहीत. त्यातले बहुतेक आता तपशिलानिशी आठवत नाहीत. एक तपास मात्र मी काल झाल्यासारखा सांगू शकतो, आणि नेमकी त्याचीच नोंद कोणत्याही पोलीस ठाण्याच्या डायरीत नाही. त्यात आरोपी माणूस नव्हता. तक्रारदार माझी स्वतःची मुलगी होती. घटनास्थळ होते ओमानमधला बरका ते मस्कत हा महामार्ग, जिथे मला ना हद्द होती, ना अधिकार.

पत्नी गेल्यावर मुलगी सारखी बोलावत होती. शेवटी मे महिन्यात दोन महिन्यांसाठी गेलो. मुलीचे घर मस्कतच्या रुवी भागात, तिसऱ्या मजल्यावर. जावई सोहारच्या एका धातूच्या कारखान्यात देखभाल विभागात इंजिनियर. आठवडाभर तिकडेच राहतात, गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. मुलगी बरक्याच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. सकाळी सहाला निघायचे, तासाभराचा रस्ता, दुपारी अडीचला सुटून परत. गाडी ती स्वतः चालवते. नात नऊ वर्षांची.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे भाजी आणायला निघालो. पुढे भाजीचा एक पिकअप रेंगाळत चालला होता. शेजारची लेन मोकळी होती, तरी मुलगी सगळा रस्ता त्याच्या मागेच राहिली. अठराव्या वर्षी माझी स्कूटर घेऊन एकटी घाट उतरून आलेली ही मुलगी. मागून नात म्हणाली, "आजोबा, मम्मा आता कोणालाच ओव्हरटेक नाही करत. मम्मा स्केअर्ड झालीय." मुलीने आरशात तिच्याकडे पाहिले आणि गप्प राहिली. नोकरीत एक सवय लागते. कोण काय बोलले यापेक्षा कोण कुठे गप्प बसले, ते लक्षात राहते.

रात्रीची जेवणे झाल्यावर मी विचारले. आधी तिने टाळले, मग हळूहळू सगळे बाहेर आले.

डिसेंबरात महामार्गावर पुढच्या ट्रकचा टायर फुटला होता आणि त्याचा मोठा तुकडा उडून तिच्या गाडीच्या तोंडावर आदळला होता. तिला खरचटलेसुद्धा नाही, पण गाडीचा पुढचा भाग चेचला. तो एका वर्कशॉपमधून दुरुस्त करून घेतला. एप्रिलपासून नवीन त्रास सुरू झाला. वेगात असताना, ओव्हरटेक करायला जोर लावला की गाडीचा जोर अचानक जायचा. एकदा पाण्याच्या टँकरला ओलांडताना हे झाले. मागून ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला म्हणून ती वाचली. हे सांगताना ती ताटातल्या भाताची शिते एकेक करून गोळा करत होती.

जावयांनी दोन शुक्रवारी गाडी स्वतः लांबवर नेऊन पाहिली. काही झाले नाही. बरक्यातल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी तीनदा तपासली. प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, चालवून बघितली. काही झाले नाही. एका गुरुवारी जावई सहकाऱ्याच्या गाडीने बरक्यापर्यंत आले आणि तिथून तिच्याबरोबर घरी निघाले. वाटेत गाडीने गचका खाल्ला तेव्हा ते मोबाईलमध्ये बघत होते. मान वर केली, तर तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला. मिस्त्रींनीही फोनवर तेच सांगितले, की गाडीत दोष नाही, मॅडम घाबरून पाय उचलतात. जावयांनी प्रेमानेच समजावले, अपघातानंतर अशी भीती राहते, काही महिने गाडी चालवू नकोस. ते वाईट माणूस नाहीत. काळजीपोटीच बोलले.

गाडी नाही म्हणजे बरक्याची नोकरी नाही. तिने राजीनाम्याचा मजकूर लिहून मोबाईलमध्ये ठेवला होता. तो मला दाखवला आणि म्हणाली, "बाबा, खरं सांगू? आता मलाही वाटायला लागलंय की माझंच काहीतरी होतंय."

हे वाक्य मी ठाण्यात अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. खोटे बोलणारा माणूस चौथ्यांदा सांगताना जास्त ठाम होतो. खरे बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, तर चौथ्यांदा सांगताना त्याचा आवाज बारीक होत जातो. समोर बसलेल्या माझ्या मुलीचा आवाज बारीक झाला होता.

"उद्या तुझा रीतसर जबाब घेतो," मी म्हणालो. तिला ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नातीची एक कोरी वही घेतली, चष्मा लावला आणि तिला समोर बसवले. जबाब घेताना एक पथ्य पाळावे लागते. साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द घालायचे नसतात. तुला भीती वाटली का, असे विचारले की हो येणारच. म्हणून मी एवढेच विचारले, की काय झाले ते पहिल्यापासून सांग, आणि मध्ये बोललो नाही.

असे प्रसंग सात झाले होते. लॅबमध्ये काम करणारी मुलगी, नीट आठवून सांगत होती. गाडी बंद पडत नव्हती. इंजिनाचा आवाज घोगरा व्हायचा, नाक दाबून ठेवल्यासारखा. पाय दाबत नेला तरी वेग वाढायचा नाही, उलट कमी व्हायचा.

"मग तू काय करायचीस?"

"पाय उचलायचे," ती म्हणाली. "उचलला की दोन सेकंदांत गाडी पुन्हा ठीक चालते. म्हणून उचलते."

मी पेन खाली ठेवले. पाय उचलते हे सगळ्यांनी पाहिले होते, ते तिनेही कधी नाकारले नव्हते. का उचलते, हे मात्र कोणी विचारले नव्हते. ज्याला सगळे कारण समजत होते, तो तिने अनुभवाने शोधलेला उपाय होता.

मग एकेका प्रसंगाची वेळ लिहून घेतली. वहीत सात ओळी झाल्या आणि त्या वाचताच पुढची दिशा मिळाली. सातही प्रसंग बरक्याहून परत येतानाचे होते. सकाळी जाताना एकदाही नाही. ठाण्यात आम्ही घरफोड्यांच्या वेळा अशाच एकाखाली एक लिहायचो. चोर हुशार असला तरी त्याची वेळ सहसा ठरलेली असते.

मी विचारले, गाडी सकाळी कुठून निघते आणि दुपारी कुठून? सकाळी इमारतीच्या तळघरातून. दुपारी दवाखान्याच्या मागच्या उघड्या पटांगणातून, जिथे ती सात तास उन्हात उभी असते. जावयांनी गाडी कधी चालवली? शुक्रवारी सकाळी. आणि मिस्त्रींनी? कामावर जाताना ती गाडी गॅरेजात सोडायची, त्यांच्याकडे पत्र्याची मोठी शेड, आणि ते दहाच्या आत चालवून बघायचे. डिसेंबर ते मार्च काही झाले नव्हते. एप्रिलपासून ऊन वाढले.

सगळ्यांनी तपास केला होता, पण गुन्ह्याच्या वेळी घटनास्थळी एकटे जावईच होते, आणि तेही मोबाईलमध्ये बघत.

पुढच्या कामाच्या दिवशी मी तिच्याबरोबर बरक्याला गेलो. सकाळी गाडी अगदी सरळ चालली. ती लॅबमध्ये गेल्यावर मी मासळीबाजारापर्यंत चालत गेलो, सुरमईचे ढीग पाहिले, एका मलबारी हॉटेलात चहा घेतला. अकरा वाजता बाहेर थांबणे अशक्य झाले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर येऊन बसलो. ठाण्यात लोक अशा बाकांवर तासन् तास आमची वाट बघत बसायचे. त्या बाजूने वेळ किती लांब असतो, ते मला त्या दिवशी कळले.

अडीचला निघालो. बॉनेटला बोट लावले, तर चटका बसला. महामार्गावर आल्यावर मी तिला सांगितले, मागे-पुढे मोकळे असेल तेव्हाच जोर लाव, घाई नाही. खजुरीच्या बागा मागे पडल्या. रस्ता रिकामा दिसला तशी तिने वेग घ्यायला सुरुवात केली. मी रस्त्याकडे पाहत नव्हतो. मी तिच्या पायाकडे पाहत होतो.

इंजिनाचा आवाज चढत गेला आणि मग एकदम घोगरा झाला. गाडीला मागून कोणी धरून ठेवल्यासारखे झाले. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा चढता चढता थांबला, थरथरला आणि खाली येऊ लागला. तिचा पाय तिथेच होता. पेडल पार तळाला टेकले होते. मग तिने पाय उचलला, दोन सेकंद गेले, हलकेच पुन्हा दाबला आणि गाडी काही झालेच नाही अशी चालू लागली.

"बाबा, दिसलं?" तिने विचारले. नजर रस्त्यावरच होती.

"दिसलं. पाय पूर्ण दाबलेला होता. गाडीचा जोर गेला, त्यानंतर तू पाय उचललास. मी साक्षीदार आहे."

थोड्या अंतरावर पेट्रोलपंप लागला. तिथे तिने गाडी सावलीत घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यांवर कपाळ टेकले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. आमच्या घरात अशी पद्धत नव्हती. तिच्या लहानपणी मी बंदोबस्तातून घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींना फोन केला. हे मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले मुसलमान गृहस्थ. पन्नाशीचे, पंचवीस वर्षे ओमानात. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांनी आधी गावाकडच्या पावसाची चौकशी केली. मग मी त्यांना वहीतल्या सात ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी त्यातल्या वेळा मला पुन्हा एकदा वाचायला लावल्या.

"साहेब, ही गाडी माझ्याकडे नेहमी थंड होऊन आली," ते म्हणाले. "उद्या गरमच आणा. इंजिन बंद करू नका."

दुसऱ्या दिवशी अडीचला निघून आम्ही महामार्गावर थोडे पुढे गेलो, गाडीने आपला प्रकार केला, आणि तशाच चालू इंजिनाने वळून गॅरेज गाठले. मिस्त्री शेडच्या तोंडाशी उभे होते. त्यांचा अर्बाब, म्हणजे गॅरेजचा ओमानी मालक, हातातले काम सोडून बघायला आला. मिस्त्रींनी लगेच बॉनेट उघडले. मुलगी आत स्टिअरिंगवर, मी मिस्त्रींच्या खांद्याशी. त्यांनी तिला सांगितले, एकदम दाबू नका, सावकाश वर न्या आणि धरून ठेवा.

आवाज चढला. मिस्त्रींची नजर एकेका भागावरून फिरत होती. इतक्यात त्यांनी माझे मनगट पकडले आणि बोट दाखवले.

हवेच्या फिल्टरपासून इंजिनात हवा नेणारा एक जाड रबरी पाईप असतो. तो पाईप आमच्या डोळ्यांदेखत आत ओढला जात होता, म्हाताऱ्या माणसाने गाल आत ओढावेत तसा. तो पार चपटा झाला आणि इंजिन घोगरे होऊन गुदमरले. मिस्त्री ओरडून म्हणाले, सोडा. तिने पाय उचलला. पाईप फुगून पुन्हा गोल झाला. असा साळसूद, की आत्ता काय झाले ते कोणाला सांगून पटले नसते.

तीनदा केले, तीनदा तसेच झाले. अर्बाबने मान हलवली आणि "खलास" एवढेच म्हटले. त्याच्या दृष्टीने निकाल लागला होता.

उलगडा मिस्त्रींनी केला. डिसेंबरातल्या अपघातानंतर वर्कशॉपने हा पाईप नवीन घातला होता, पण हलक्या रबराचा. थंडीत तो ताठ राहायचा. उन्हात तापला की मऊ पडायचा. त्यात फिल्टरमध्ये बारीक धूळ साचलेली, त्यामुळे हवा ओढताना इंजिनाला जास्त जोर लावावा लागायचा, आणि तो सगळा ओढा या मऊ पाईपवर यायचा. वेग कमी असताना हवा थोडी लागते, म्हणून तेव्हा काही व्हायचे नाही. इंजिन जोरात फिरू लागले की पाईप स्वतःच गाडीचा श्वास कोंडायचा. तीन वेळा बॉनेट उघडूनही त्यांनी त्याच्यावर संशय घेतला नव्हता, कारण त्या सगळ्या भागांत तोच सर्वांत नवा आणि स्वच्छ दिसत होता. चांगल्या कपड्यातल्या माणसाची झडती घ्यायला माझे हवालदारही असेच कचरायचे.

माझीही एक गोष्ट ध्यानात आली. मुलीची भीती आणि हा पाईप, दोन्ही एकाच अपघातातून आले होते. भीती डोळ्यांना दिसत होती, पाईप दिसत नव्हता. म्हणून सगळे दोष भीतीच्या नावावर जमा झाले.

मिस्त्रींनी हात पुसले आणि ते माझ्याकडे न येता मुलीच्या खिडकीपाशी गेले.

"मॅडम, चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुम्ही तीनदा सांगितलंत आणि मी तीनदा तुम्हाला परत पाठवलं. गाडीचं ऐकलं, तुमचं नाही ऐकलं. उद्या काय झालं असतं तर मी घरी माझ्या मुलींना काय तोंड दाखवलं असतं?"

मुलगी म्हणाली, "तुम्ही शोधून काढलंत ना, मग झालं." पण तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. तो मी ओळखला.

चांगला पाईप सोहारहून मागवावा लागला, दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत जावई आले. फोनवर त्यांना सगळे कळले होते. घरात आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून तिला म्हणाले, "मी मशीन तपासणारा माणूस. ऑपरेटर काय सांगतो ते आधी ऐकायचं, हे मी रोज पोरांना शिकवतो. घरी नाही ऐकलं." ती म्हणाली, आधी बूट काढा. मी नातीला घेऊन गॅलरीत गेलो.

पाईप बसल्यावर भर दुपारी आम्ही दोघे बरक्याहून परत निघालो. एका लांबलचक ट्रेलरच्या मागे ती आली, आरशात पाहिले, बाहेर पडली आणि एका दमात त्याला ओलांडून गेली. मग तिने मला विचारले, की तुम्हाला पहिल्याच दिवशी माझं खरं कसं वाटलं?

बापाला कळतं, असे काहीतरी मला म्हणता आले असते. पण मी तिला खरे ते सांगितले. माझ्या एका ठाण्यात एक शिक्षिका यायच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचे म्हणणे असायचे, की मी शाळेत असताना घरात कोणीतरी येऊन जाते. चोरी काही नाही, वस्तू मात्र थोड्या हललेल्या. त्या पाच वेळा आल्या. हवालदार आपसात हसायचे. पाचव्या वेळी मीच डायरीत लिहिले, 'समज देऊन पाठवले.' त्यांनी कंटाळून ते घर सोडले. पुढे वर्षाने दुसऱ्या एका गुन्ह्यात एक इसम पकडला गेला आणि त्याच्याकडे त्या घराची किल्ली निघाली. तो आधीचा भाडेकरू होता. दुपारचा तिथे येऊन झोपायचा. त्याने तसा कबुलीजबाब दिला, आम्ही तो कागदाला लावला आणि प्रकरण संपवले.

मुलगी म्हणाली, "मग तुम्ही बाईंना जाऊन सांगितलंत का, की त्यांचं खरं होतं?"

"नाही."

"का?"

कामे होती, बदली झाली, ही कारणे खरी होती, पण गाडीत ती बोलून दाखवण्याइतकी मोठी वाटली नाहीत.

जुलैत परत आलो. बाईंचा पत्ता शोधायला मला चार दिवस लागले. आता त्या भाचीकडे राहतात, ऐंशीच्या घरात आहेत, कानाने कमी ऐकू येते. मी नाव सांगितले, ठाण्याचे नाव सांगितले. मग जरा मोठ्याने म्हणालो, की बाई, तुमच्या त्या घरात खरोखर माणूस येत होता. आम्हाला वर्षाने कळलं. मी तेव्हाच यायला हवं होतं, आलो नाही.

त्या भाचीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? मी सांगत होते ना." भाचीने मान खाली घातली. तिलाही इतकी वर्षे ते वेडच वाटत आले असावे.

बाईंनी माझा हात धरून मला जवळच्या खुर्चीवर बसवले. "आता पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा, आणि हिला नीट ऐकू जाईल असं."

निवृत्तीनंतर मला कळलेली गोष्ट एवढीच. गुन्हेगार सापडला की आम्ही प्रकरण निकाली काढतो, पण ज्याने तक्रार केली त्याच्या दृष्टीने ते अजून उघडेच असते. तुझे खरे होते, हे त्याच्या घरी जाऊन, चार माणसांदेखत सांगेपर्यंत ते मिटत नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.